पूल ओलांडायला पाच दिवस

मी एक जुनी हातगाडी आहे, आणि मला स्वस्थ बसता येत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला उतावळी म्हणून नावं ठेवणार नाही. माझं डावं चाक किंचित अंडाकृती आहे. सपाट फरशीवर उभी केली तरी मी हळूच सरकते. ज्या सुताराने मला घडवलं तो म्हणाला होता, "ही बसायला केलीच नाही, धावायला केलीय." खरं तर चूक त्याची होती, पण बोलण्यात तो वस्ताद होता.

मित्रांनो, माझा जन्म ख्रिस्ती देवळाच्या मागच्या अंगणात झाला. उपासनेच्या जुन्या बाकांना वाळवी लागली, तेव्हा त्यांतल्या धड फळ्या निवडून सुताराने मला जोडलं. म्हणजे माझ्या अंगात तीस वर्षांचे उपदेश मुरलेले आहेत. कुठल्या फळीवर कोण डुलक्या घ्यायचं तेही मला ठाऊक आहे, पण मी चहाडखोर नाही.

माझं काम एकच. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मंडळीतले लोक घरून काही ना काही आणून माझ्यावर ठेवत. पीठ, चपला, पांघरुणं, एकदा तर चालू शिलाई मशीन. पाळकसाहेबांचा नियम होता की माझ्यावर चढलेली वस्तू पुन्हा देवळात उतरवायची नाही. त्याच दिवशी ती गरजूच्या घरी गेली पाहिजे. का, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "हात उघडा आहे तोवर निघावं. मिटायला वेळ लागत नाही." मी रस्त्याने खडखडत निघाले की लोक कौतुकाने बाजूला होत. मुली माझ्या दांडीला रिबिनी बांधत. मी जरा फुशारतही असे, कबूल करते.

मग या हिवाळ्यात पुलापलीकडच्या घरांच्या ओळीला आग लागली. माणसं वाचली, बाकी सगळं गेलं. सात कुटुंबं लाकडाच्या वखारीत राहायला गेली. वखारीला छप्पर होतं, पण समोरची बाजू सताड उघडी. आणि थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावत होतं. नेमकं त्याच आठवड्यात पाळकसाहेबांना ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलं. जाताना त्यांनी मुख्य कारभाऱ्यांना बजावलं, "रविवारी जमेल ते सगळं, त्याच दिवशी, वखारीत. निवडानिवड नको."

"तुम्ही निर्धास्त जा," कारभारी म्हणाले.

हे कारभारी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. माणूस वाईट मुळीच नव्हता. आवाज भारदस्त, कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि देवळावर अतोनात जीव. गोम तिथेच होती.

त्या रविवारी मी जशी भरले तशी जन्मात भरले नव्हते. कापडवाल्या शेठनी नव्या कोऱ्या चौदा रजया आणल्या. कुणी स्वेटर आणले, कुणी कानटोप्या. सगळ्यांत शेवटी इस्त्रीवाल्या मावशी आल्या आणि त्यांनी एक जाड लोकरी ब्लँकेट माझ्यावर ठेवलं. त्याला खळीचा वास होता आणि अंगभर भाजल्याचे तपकिरी त्रिकोण होते.

"अहो मावशी, हे तर तुमच्या टेबलावरचं," शेठ म्हणाले. "आता इस्त्री कशावर करणार?"

"पोत्यावर. कपड्यांना थंडी वाजत नाही."

कारभारी माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पुढच्या रविवारी बिशपसाहेब येतायत," ते म्हणाले. "हे सगळं त्यांच्या हातून आधी प्रभूला अर्पण करू, मग वाटू. आठ दिवसांचा तर प्रश्न."

"पण पाळकसाहेब म्हणाले होते की..." शेठनी तोंड उघडलं.

"पाळकसाहेबांना मी सांगेन. आधी देवाला, मग माणसाला. यात चुकलं कुठे?"

मला सामानाच्या खोलीत नेलं, चाकातून साखळी ओवली आणि कुलूप लावलं. मावशींचं ब्लँकेट वरून काढून तळाशी सरकवलं, डाग दिसायला नकोत म्हणून.

मित्रांनो, तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मी जरा सरकले की साखळी खळकन मला मागे ओढायची. सोमवारी कारभाऱ्यांनी रजया रंगांप्रमाणे लावल्या. मंगळवारी पुन्हा सोडल्या आणि आकारांप्रमाणे लावल्या. बुधवारी ते देणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहून चिकटवत बसले होते. पलीकडच्या खोलीत मुलांचा वर्ग भरला होता. बाई बायबलमधल्या एका राजाची गोष्ट सांगत होत्या. लढाई जिंकल्यावर शत्रूचं काहीही मागे ठेवू नकोस, असं देवाने त्याला सांगितलं होतं, आणि त्याने धष्टपुष्ट मेंढ्या तेवढ्या राखल्या, देवाला अर्पण करू म्हणून.

"मग देवाला मेंढ्या आवडल्या नाहीत का?" एका मुलीने विचारलं.

"मेंढ्यांचं काय घेऊन बसलीस? ऐकलं नाही, ते नाही आवडलं."

कारभाऱ्यांचं पेन थांबलं. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी पेन उघडून शाई तपासली आणि पुढची चिठ्ठी लिहायला घेतली.

शुक्रवारी दुपारी मावशी आल्या. पुलापलीकडे कपडे पोचवून येताना त्या वखारीत डोकावल्या होत्या.

"साहेब, माझं ब्लँकेट कुणाला मिळालं?"

"मिळेल ना. रविवारी. इथे अगदी सुरक्षित आहे बघा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठ्यांकडे पाहिलं. "तिकडे माणसं वर्तमानपत्रं पांघरून बसलीत. त्यांतली एक तान्ह्या बाळाची आई काल बाळाला आणि सासऱ्याला घेऊन निघून गेली. कुठे, कुणाला पत्ता नाही. म्हणाली, इथे राहिले तर लेकरू हातचं जाईल."

"मला इतकं कळलं नव्हतं, मावशी."

"पोस्टात असताना कुणाचं पत्र आठवडाभर ठेवून घेतलं होतंत का, मोठे साहेब बघायला येणार म्हणून?"

कारभाऱ्यांनी खिशातून किल्ली काढली. मग कुलूप निघालं. त्यांनी कोट काढून फेकला आणि दांडी स्वतः धरली. भर रस्त्यात न्हाव्याने हाक मारली, "काय पोस्टमास्तर, भंगाराचा धंदा काढला वाटतं?" त्यांनी मान वर केली नाही. मागून मावशी ढकलत होत्या. मी पूल असा ओलांडला की कठडे दणाणले.

वखारीत एका आजीने रजई छातीशी धरली. "देव तुमचं भलं करो. कधी जमवलंत हो एवढं?"

"आजच" म्हणणं किती सोपं होतं. कुणाला कळलं असतं? कारभाऱ्यांनी माझी दांडी सोडली.

"रविवारीच जमलं होतं," ते म्हणाले. "पाच दिवस मी अडवून ठेवलं."

आजी वळल्या आणि नातवाच्या पायांवर रजई घालू लागल्या.

सहा कुटुंबांचं वाटून झालं. सातव्याच्या, म्हणजे त्या बाळाच्या घरच्यांच्या वाट्याच्या दोन रजया आणि मावशींचं ब्लँकेट माझ्यावर उरलं.

"ब्लँकेट तरी परत न्या," कारभारी म्हणाले.

"दिलंय ते," मावशी म्हणाल्या.

रविवारी बिशपसाहेब आले. कारभारी सगळ्यांसमोर उभे राहिले. भारदस्त आवाज कुठल्या कुठे गेला होता. "दाखवायला काही नाही. मला सांगितलं होतं एक, मी केलं भलतंच. एक बाळ माझ्यामुळे थंडीत बाहेर पडलंय. माझ्या खुर्चीवर आता दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

बिशपसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "खुर्चीचं नंतर पाहू. आज उपासना लवकर संपवू. शोधायला उजेड लागतो."

त्याला तीन आठवडे झाले. आम्ही अजून शोधतोय. कारभारी रोज सकाळी येतात, मावशींना जमेल तेव्हा त्याही येतात. शेठनी त्यांना टेबलासाठी नवं ब्लँकेट दिलं, तर त्यांनी तेही माझ्यावरच टाकलं. काल बसस्टँडवरचा हमाल म्हणाला, बाळ घेतलेली बाई आणि एक म्हातारा दक्षिणेच्या रस्त्याने जाताना दिसले होते. आत्ता कारभारी माझ्या आसाला तेल घालतायत, म्हणून एवढं बोलायला सवड मिळाली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणासाठी काही बाजूला काढलेलं असेल आणि चांगल्या कागदात गुंडाळायचं राहिलंय म्हणून पडून असेल, तर तसंच घेऊन निघा. आणि दक्षिणेच्या रस्त्याला तुमचं घर असेल, तर त्या तिघांना दाराशी थोडं थांबवून ठेवा. आम्ही निघालोच आहोत.