खिचडीचे चार शुक्रवार

प्रतिमा साळवे भित्री नव्हती. बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मापात न बसणारा माल ती मॅनेजरच्या तोंडावर परत पाठवायची. पण येशूचं नाव काढायचं म्हटलं की बाईच्या तोंडाला कुलूप. नगरच्या तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली मुलगी ही. चार वर्षं कंपनीच्या बसमध्ये सुचेताक्कांच्या शेजारी बसून ट्रॅफिक, मोलकरीण, गुडघेदुखी सगळं बोलून झालं. हा एक विषय तेवढा नाही.

त्यालाही कारण होतं. बसमध्ये मराठी बोलणाऱ्या या दोघीच. सुचेताक्का पन्नाशीच्या पुढच्या. वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले तेव्हापासून बेंगळुरूच्या. रोज देवपूजा उरकून बस पकडायच्या. ही आपल्याला बाटवायला शेजारी बसते की काय, असं त्यांच्या मनात एकदा आलं की संपलंच. परक्या गावात मायेचं माणूस काय पैशाला पासरी मिळतं?

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस सुरू झाले तेव्हा चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "प्रत्येकानं एक माणूस निवडा. त्याच्यासाठी दर शुक्रवारी उपास करा, प्रार्थना करा. आणि एकदा तरी त्याला सांगा, तुम्ही कुणापाशी मागताय ते."

प्रतिमानं सुचेताक्का निवडल्या. त्यांचा मुलगा राजस आठ महिन्यांपूर्वी वडिलांशी भांडून घरातून गेला होता. फोन उचलत नव्हता. अक्का दिवसभर हसऱ्या असायच्या, पण फोन वाजला की त्यांचा हात पर्समध्ये कसा जायचा ते प्रतिमा रोज बघत होती.

पहिल्या शुक्रवारी अक्कांनी इडली पुढे केली. "आज उपास आहे," प्रतिमा म्हणाली. पुढचं वाक्य तिनं रात्री घोकून ठेवलं होतं. पण अक्काच खुलल्या.

"अगं, तुमच्यातही असतो? आधी नाही का सांगायचं मला?"

आणि पुढच्या शुक्रवारी डब्यात साबुदाण्याची खिचडी. वर दाण्याचं कूट सढळ हातानं घातलेलं.

आता गंमत अशी, की प्रतिमाच्या उपासाला सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही चालत नाही. एवढं सांगायला कितीसे शब्द लागतात? पण अक्का त्या खिचडीसाठी साडेचारला उठल्या होत्या. प्रतिमानं खाल्ली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. उपास गेला, सांगायची संधी गेली, वर "मस्त झालीय" म्हणून तारीफही केली. मग काय, दर शुक्रवारी खिचडी. चार शुक्रवार ती मान खाली घालून खात राहिली आणि घरी जाऊन स्वतःवर चरफडत राहिली.

सहाव्या शुक्रवारी अक्कांचे डोळे सुजलेले होते. आदल्या दिवशी राजसचा वाढदिवस होता; फोन बंदच लागला. तरीही डबा होताच. त्यांनी झाकण उघडलं आणि प्रतिमाला स्वतःची लाज वाटली.

"अक्का, मला नाही खाता येणार. आमचा उपास संध्याकाळपर्यंत असतो. काहीच खात नाही आम्ही."

अक्का डब्याकडे बघत राहिल्या. "मग इतके दिवस खाल्लीस ती?"

"तुमचं मन मोडवेना."

"म्हणजे मी दर आठवड्याला पहाटे उठून तुझा उपास मोडत होते. सरी, ठीक आहे." त्यांचा आवाज कोरडा होता. "असला कडक उपास करतेस तरी कशासाठी? नवस बोललीयस?"

आता प्रतिमाला मागे फिरायला जागा नव्हती.

"नवस नाही. राजससाठी. आणि तुमच्यासाठी. येशूपाशी मागते मी. आम्ही त्याच्यामुळे देवाला ओळखतो, अक्का. आणि तो देव असा आहे की गेलेल्या पोराची वाट बघत स्वतः दारात उभा राहतो. तुमच्यासारखाच. हे चार वर्षं सांगायचं होतं. तुम्ही तुटाल म्हणून घाबरले."

अक्कांनी झाकण लावलं, डबा पिशवीत टाकला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्येही दिसल्या नाहीत. गमावलं माणूस, प्रतिमानं मनाशी म्हटलं. दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी बसमध्ये ती मुद्दाम मागच्या सीटवर जाऊन बसली. अक्का चढल्या, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ तिच्या शेजारी येऊन बसल्या. होसूर रोडवर बस तुंबली. बाहेर दिवे लागले. अक्कांनी वाकून आभाळ नीट बघितलं आणि पिशवीतून डबा काढला. सकाळची खिचडी तशीच होती, गार आणि गच्च.

"मावळला ना? घे आता."

"अक्का, तुम्ही दुपारी जेवायला आला नाहीत."

"नाही जेवले. माझ्या मुलासाठी तू उपाशी राहायचं आणि मी त्याची आई असून सांबार-भात हाणायचा?" त्यांनी झाकणात खिचडी वाढली. "हे बघ, मी माझे देव सोडायची नाही. ते तू मनातून काढून टाक."

"बरं."

दोघी खाऊ लागल्या. दोन घास झाल्यावर अक्का थांबल्या.

"तू त्याच्यापाशी मागतेस, तेव्हा नाव काय सांगतेस?"

"राजस."

"नुसतं राजस? राजस ढिगानं असतील." अक्कांचे डोळे भरून आले. "राजस अजित पुरंदरे असं सांग. आणि डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे म्हणावं."