मनकर्णाबाईंचा सा

मनकर्णाबाईंच्या गळ्यावरची गाठ आधी त्यांच्या नवऱ्याला, आनंदरावांना, दिसली. त्यानंतर बाई पदर गळ्याभोवती घेऊ लागल्या. लकडगंजात एका वखारीवरच्या खोलीत त्या गाणं शिकवत. त्यांनी बांधलेल्या बंदिशी नागपूरच्या रेडिओवर लागायला लागल्या होत्या आणि नेमकं तेव्हाच हे निघालं.

घास गिळताना अडू लागला, तेव्हा आनंदरावांनी त्यांना बळेच दवाखान्यात नेलं.

"गाठ साधी आहे," डॉक्टर म्हणाले, "पण आवाजाची नस तिला चिकटलेली आहे. बोलता येईल. गाण्याची खात्री नाही देत."

बाहेर येताच बाई म्हणाल्या, "मले नाही करायचं आपरेशन."

"आन् दम कोंडला तं? काहून असं बोलून राहिली वं?"

"मले भेव लागते जी. माही बंदिश गळ्यातूनच निघते. गळाच गेला तं मी कोण?"

आनंदराव परत आत गेले आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आले.

मग बाईंनी आपल्या जुन्या शिष्येला, ताराला, रोज बोलावून कुठेच न गायलेल्या बंदिशी भराभर शिकवल्या. "बाई, एवढी घाई काहून?" ताराने विचारलं. बाईंनी पुढची ओळ सांगितली.

ऑपरेशन झालं. टाके निघाले, बोलायची मुभा मिळाली, तरी बाई गप्पच. घरी कुणी नसलं की तंबोरा छेडायच्या, तोंड उघडायच्या आणि घाबरून मिटायच्या. गाऊन पाहिलं नाही, तोवर आवाज गेला असं तर ठरत नाही!

एका दुपारी तारा आली आणि त्यांच्यासमोर बसून मुलतानीतली त्यांची बंदिश गायली. दुसऱ्या ओळीत रिषभ चढा लागला.

"कोमल, तारा, कोमल!"

दोघी दचकल्या. आवाज घोगरा होता, कुण्या परक्या बाईचा वाटावा असा.

"कसा कोमल, बाई? गाऊन दाखवा ना," तारा हळूच म्हणाली.

बाईंनी सा लावला. तो थरथरला, पण टिकला. पंचमापाशी आवाज फाटला आणि वर नुसती हवा निघाली. पुन्हा गायल्या, पुन्हा तेच.

संध्याकाळी आनंदराव हिंगण्याहून कामावरून आले. "वरचं सारं गेलं जी," बाई म्हणाल्या.

"बोलली तं खरी!" ते मटकन खाली बसले. "आन् खालचं?"

"खालचं हाये."

पुढे बाईंनी खालच्या सुरांतल्या कितीतरी बंदिशी बांधल्या. मैफिलीत त्या ताराने गायल्या. शिकवणीही सुटली नाही. फक्त रोज सकाळी, सुरुवात करण्याआधी, बाई खोलीचं दार लोटून घेत आणि आज तेवढं तरी शिल्लक आहे का, हे एकटीने पाहून मगच मुलींना आत घेत.