सिद्धनाथाचा कौल आणि डॉक्टरची सुई

बेचाळीसच्या धामधुमीत लालासाहेब डॉक्टर तुरुंगात जाऊन आले आणि म्हसवडात त्यांचा भाव असा वधारला की विचारू नका! लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहा म्हणून लोकांनी पिच्छाच पुरवला. सभेत बोलायचं म्हटलं की या माणसाला घाम फुटायचा. पण बोर्डात बसलो तर पटकीची लस गावोगाव वेळेवर पोचवता येईल, एवढ्या एका आशेवर डॉक्टर तयार झाले.

सगळं अडलं होतं धुळा मेंढक्यावर. त्याच्या भाऊबंदांची मतं एकगठ्ठा पडायची.

"डाक्टर, तुमी लय भला माणूस," धुळा म्हणाला. "पर आमी सिद्धनाथाला कौल लावणार. देवाच्या अंगाला चिकटवल्याल्या दोन फुलांतलं उजवं फूल आधी पडलं तर समदी मतं तुमाला. डावं पडलं तर न्हाई."

डॉक्टरांना धुळाची नात आठवली. मागल्या पटकीच्या आधी असाच कौल लावला होता. डावं फूल पडलं म्हणून धुळानं नातीला सुई टोचू दिली नाही, आणि पोर हकनाक गेली.

प्रचार बघणारे आप्पासो कानाशी लागले, "गुरव आपला हाय. डावं फूल घट्ट चिकटवतो म्हणतोय. तुमी फकस्त हात जोडून गप उभं ऱ्हावा."

"आणि पुढं पटकी आली की? कौल लावू नका, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"आवं, आधी निवडून तर या!"

मोह झाला, खोटं कशाला बोला? डॉक्टर देवळापर्यंत गेलेसुद्धा. पण तिथं बायांच्या कडेवरची पोरं दिसली आणि त्यांना राहवलं नाही.

"धुळा, मत देवाला विचारून द्या, नाहीतर मनाला विचारून. तुमची मर्जी. मी मात्र कौलाला थांबणार नाही. आज इथं हात जोडले, तर उद्या सुईच्या वेळी तुम्ही मलाच गप्प बसवाल. ती चूक मी करणार नाही!"

एवढं बोलून गडी तडक घरी. गुरव बिचारा भेदरला आणि त्यानं दोन्ही फुलं सारखीच चिकटवली. डावं पडलं. आप्पासोंनी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर निवडणुकीत सपशेल आपटले.

लाजेनं त्यांनी बरेच दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही. तरी साताऱ्याला खेपा घालून लस मात्र आणून ठेवली. मग एका सकाळी दवाखान्यापुढं ही गर्दी! पुढं धुळा, मागं त्याच्या सुना, नातवंडं, सगळी भावकी.

"कौल लावून आलात?" डॉक्टरांनी जरा कडूच विचारलं.

"मताचा लावला हुता. देव न्हाई म्हणला, म्हणून तुमाला न्हाई दिलं," धुळानं सरळ सांगून टाकलं. घोंगडं बाजूला सारून त्यानं दंड पुढं केला. "सुईचा न्हाई लावला. ह्यो माणूस पडला, पर हेका सोडला न्हाई. म्हटलं, आता ह्याचंच ऐकू. टोचा, आधी मला."