माइकचं टोपडं

ध्वनी हा शास्त्राचा विषय आहे. तिथे भीडमुर्वत चालत नाही. १९५८ साली, पिंपरीला आमच्या कारखान्याच्या क्लबात टेपरेकॉर्डरचं उद्घाटन झालं, तेव्हा मी ही दोन वाक्यं बोललो आणि त्यांना टाळ्या पडल्या. बोलताना माझ्यासमोरच्या माइकवर माझ्या बायकोने विणलेलं लोकरीचं टोपडं होतं. नंतर तेच भाषण टेपवरून ऐकवलं. मी धान्याच्या कणगीत बसून बोलतोय असं वाटत होतं. सगळे म्हणाले, साहेबांच्या आवाजाला वजन आहे. मलाही ते पटलं.

टेपरेकॉर्डर क्लबाला फुकट मिळाला होता. यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन इंजिनियर मायदेशी जाताना तो ठेवून गेला. बी.एस्सी.ला माझा विषय पदार्थविज्ञान होता, एवढ्या पुराव्यावर तो माझ्या ताब्यात आणि माझ्या क्वार्टरमध्ये आला. आमच्या घरात उघडी अशी वस्तू नव्हती. रेडिओला क्रोशाचं आच्छादन, शिलाई मशीनला झालर, पाण्याच्या तांब्यालासुद्धा मण्यांची जाळी. कॉलनीचं बांधकाम चालू होतं, धूळ होतीच. सुमनने दोन दिवसांत माइकचं माप घेऊन हिरव्या लोकरीचं, पिवळ्या काठाचं टोपडं विणलं. वर गोंडा. शेजारणी पाहून गेल्या.

अशा या यंत्रापुढे हनीफला आणला तो आमच्या स्टोअरच्या यशवंतरावांनी. हनीफचं चाकणला मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. कांद्याचे ट्रक बंद पडले की त्याच्याकडे यायचे. लढाईच्या काळात तो देहूरोडच्या लष्करी डेपोत हेल्पर होता. तिथला एक गोरा सोल्जर त्याला गिटार शिकवून, घरी जाताना ती त्यालाच देऊन गेला. तेव्हापासून हा माणूस पाना डाव्या हाताने चालवायचा. उजव्या हाताची नखं वाढवलेली होती, आणि तारा त्या नखांनीच छेडायच्या असल्यामुळे तो ती जिवापाड जपायचा. ड्रायव्हर लोक त्याला ‘नवरी’ म्हणायचे. तो हसायचा आणि डाव्या हाताने नट पिळायचा.

यशवंतरावांचा मेहुणा मुंबईला एका सिनेमाच्या वाद्यवृंदात हिशेबनीस होता. तिथे गिटारवाल्याची एक जागा रिकामी झाली होती. माणूस आधी समोर नको, टेप पाठवा, आवडली तर बोलावू, असं त्याने कळवलं होतं. हनीफ तेव्हा पस्तिशीला आलेला. मला म्हणाला, एवढं एक बघू साहेब, न्हाई झालं तर पाना हाय.

रविवारी तो कांद्याच्या ट्रकमधून नाशिक फाट्यापर्यंत आला आणि तिथून गोणपाटात गुंडाळलेली गिटार खांद्यावर घेऊन चालत आमच्याकडे. सुमनने पोहे दिले आणि टोपडं दाखवून विचारलं, कसं झालंय? हनीफने क्षणभर माइककडे पाहिलं. छान झालंय वहिनी, म्हणाला.

तो वाजवायला लागला आणि आमची खोली भरून गेली. त्या लाकडातून असा काही भरदार सूर निघत होता की शेजारच्यांनी रेडिओ बंद केला. मग आम्ही टेप ऐकली. गिटार बाजूच्या बिऱ्हाडात वाजत होती, आणि त्या बिऱ्हाडाचं दार लावलेलं होतं.

मी निदान केलं. खोली लहान आहे. पुढच्या रविवारी क्लबाचा हॉल घेतला; गिटार दोन बिऱ्हाडं लांब गेली. मग तारा जुन्या आहेत. हनीफ पुण्याला कॅम्पात जाऊन नव्या तारा घेऊन आला. फरक नाही. त्याने एकदा हळूच सुचवलं, माइक गिटारच्या भोकासमोर न धरता वीतभर मानेकडं सरकवावा का. मी त्याला समजावलं की आवाज भोकातून बाहेर येतो, तेव्हा माइक भोकासमोरच हवा, हे शास्त्र आहे. तो व्हय म्हणाला.

शेवटी तीच टेप मुंबईला पाठवली. सोबतच्या पत्रात मी लिहिलं की वादक उत्तम आहे, मात्र वाद्य जुनं आणि सामान्य प्रतीचं असल्याने आवाज किंचित मंद वाटेल. हे वाक्य मी हनीफला वाचून दाखवलं नाही.

मेहुण्यांचं उत्तर आलं. वादनात काही तरी आहे असं आमच्या लोकांना वाटतं, पण ऐकू येत नाही. पंधरा दिवसांत दुसरी टेप पाठवा.

त्या संध्याकाळी मी विचार केला. खोली झाली, तारा झाल्या, वाद्याला नावं ठेवून झाली. उरला वादक. मी हनीफला सांगितलं की दोष नखांत आहे. नखाने तार घासली जाते, खरी नादमयता बोटाच्या मांसात असते. असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. बोलता बोलता ते मलाच पटत गेलं. हनीफने आपल्या हाताकडे पाहिलं. तेरा वर्षांची सवय हाय साहेब, एवढंच म्हणाला. सुमनची छोटी कात्री मीच आणून दिली. ती आतून म्हणाली, अहो, तिन्हीसांजा नखं काढू नयेत. मी तिला अंधश्रद्धेवर दोन वाक्यं ऐकवली. तोवर हनीफचं अंगठ्याचं नख जमिनीवर पडलं होतं. बाकीची पडेपर्यंत मी ती वेचायला कागद धरून उभा होतो.

पुढच्या रविवारी हनीफ आला तेव्हा सुमनने टोपडं रिठ्याच्या पाण्यात धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातलं होतं. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. रेकॉर्डिंग केलं, टेप लावली आणि गिटार खोलीत आली. लाकडाचा घुमारा, तारेवरून सरकणारं बोट, हनीफचा श्वास, सगळं आलं. आणि तितक्याच स्वच्छपणे हेही ऐकू आलं, की नखांवाचून या माणसाला वाजवता येत नाही. जलद जागी बोटं अडखळत होती, सूर भोंगळ पडत होते.

मला त्या क्षणी सगळं कळलं. आणि मी म्हणालो, बघ, आवाज सुधारला की नाही! नखांचाच दोष होता.

हनीफने मागच्या दोरीकडे पाहिलं.

“टोपडं वाळत घातलंय, साहेब,” तो म्हणाला.

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

“पहिल्या दिवशीच. कापडाआडून हॉर्न कसा वाजतोय, आमाला ठाव असतंय की.”

“मग बोलला का नाहीस?”

तो ओशाळला. ओशाळायला हवं होतं मी, पण तेही त्यानेच करून टाकलं.

“वहिनींनी पोह्याची बशी हातात देऊन इचारलं, कसं झालंय. मी छान म्हनलो. आता छान म्हनल्यावर काढा कसं म्हनायचं? मला वाटलं, तुमी शिकलेली मानसं, तुमच्या कदी ना कदी ध्यानात यील.”

“आणि नखं? नखं तरी कापायची नव्हतीस.”

“तुमी कात्री आनली व्हती,” तो म्हणाला.

सुमन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. ती मागे गेली आणि ओलंच टोपडं दोरीवरून काढून आत घेऊन गेली. ते मी पुन्हा पाहिलं नाही, आणि कुठे आहे असं विचारायचं धैर्यही मला झालं नाही.

मी मुंबईला मुदत मागणारं पत्र लिहिलं. खरं लिहायचं ठरवून बसलो होतो. पहिल्या खर्ड्यात टोपडं होतं, दुसऱ्यात ‘तांत्रिक अडचण’, तिसऱ्यात वादकाच्या नखांना इजा. हा तिसरा मी हनीफला वाचून दाखवला. तो म्हणाला, इजा नका लिहू साहेब, हात गेला असं समजतील. कापली म्हनून लिवा. मी तसं लिहिलं. कोणी कापायला लावली ते लिहिलं नाही. वाद्य सामान्य असल्याचं जे आधी कळवलं होतं, तेही मागे घेतलं नाही. एका पत्रात किती गोष्टी बदलायच्या.

मुंबईहून उत्तर आलं नाही. नखं कामाची व्हायला सहा आठवडे लागले. त्या दिवसांत हनीफ डाव्या हाताच्या पान्यालाही जपून हात घालायचा, असं यशवंतराव सांगत. मग एका रविवारी तो आला. माइक उघडा होता. त्याने तो स्वतःच उचलून गिटारच्या भोकापासून वीतभर मानेकडे सरकवला, आणि मी गप्प राहिलो. या संपूर्ण प्रकरणात शास्त्राला माझी झालेली मदत तेवढीच. ती टेप अजून माझ्या कानात आहे. शेजारी, यशवंतराव, सुमन, सगळे ऐकत बसले. संपल्यावर कोणी छान म्हणालं नाही.

टेप पाठवली. बारा दिवसांनी ती परत आली. सोबत मेहुण्यांची चिठ्ठी होती: वादन पसंत पडलं, वाद्यही सामान्य वाटत नाही, पण पहिल्या मुदतीनंतर वाट न पाहता गोव्याकडचा एक माणूस घेतला, त्याला आता दीड महिना झाला.

मी चिठ्ठी घेऊन चाकणला गेलो. वाटेत माफीची चार वाक्यं जुळवली होती. हनीफ ट्रकखाली होता. मी वाकून चिठ्ठी वाचून दाखवली. बरं झालं साहेब, कळलं ते, असं खालून आलं, आणि त्याने उजवा हात बाहेर काढून पाना मागितला. मी दिला.

तेव्हापासून तो उजव्या हातानेच नट उघडतो. काम लवकर होतं.