हाकेच्या अंतरावर

"बिसराम! बिसराम!"

शाळेच्या व्हरांड्यात टीना गुडघ्यांवर कोसळली आणि हात पुढं करून ओरडली, तशा बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

सतरंजीवर बसलेला बिसराम हसला नाही.

नागपूरहून आलेली ही पाच जणांची नाटक मंडळी, टीना त्यातलीच. लोकांनी आपली गोष्ट सांगायची आणि यांनी ती तिथल्या तिथं नाचून, बोलून दाखवायची. ना पेटी, ना पडदा. बिसरामनं गावोगावच्या दंडारीची नाटकं पुष्कळ पाहिली होती. हे प्रकरण त्याला कळलं नाही. पण त्यांचा म्होरक्या हिमांशु म्हणाला, "जे तुम्हाला बघता आलं नाही, तेही आम्ही दाखवू," तेव्हा तो उठला.

त्यानं थोडक्यात सांगितलं. गेल्या साली रोवणं चालू होतं. बायको शांतीबाई खालच्या बांधीत एकटी धान रोवत होती. हा वरच्या बांधीचा फुटलेला मातीचा धुरा बांधत होता. जेवायच्या वेळेला गेला, तर ती चिखलात पालथी पडलेली, हातात पऱ्ह्याच्या रोपांची पेंडी. डॉक्टर म्हणाले, छातीत बराच वेळ दुखत असेल.

"तिनं मले हाक मारली का नाही, येवढंच दाखवा," तो म्हणाला. "मले आयकू नाही आली."

वर्षभर तो आपल्या कानांना दोष देत होता. गोंदियाला जाऊन तपासूनही आला. कान ठीक होते.

"काका, असंच झालं असेल का?" हिमांशुनं आता विचारलं. गोष्ट ज्याची, त्याला विचारायची त्यांची रीतच होती.

"नाही जी. ते मायं नाव घेत नव्हती."

"बाई कुठं नवऱ्याचं नाव घेते?" मागून शेजारची सुशीलाबाई म्हणाली. "तुमच्या नागपुरात घेत असन." पुन्हा हशा झाला.

टीना उठून त्याच्याजवळ आली. "चुकलं, काका. मग कशी हाक मारायच्या? सांगा, तशी मारते."

"आयकलं का जी, म्हणे."

"असं ओरडायच्या?"

"ओरडाचं कायले? जवळ येऊन म्हणे. दूर असलो तं पोरीले धाडे. जाय, बाबाले सांग, म्हणे."

"आणि पोरगी नसली तर?"

"राखीचं लगन झाल्यावर मंग..." बिसराम थांबला. "मंग सोताच चालत ये."

रोवणारी बाई मागं मागं सरकते. रोवलेलं तिच्या पुढ्यात राहतं आणि त्यात ती कधी पाय घालत नाही. त्या दिवशी शांतीबाई रोवलेल्यात पडली होती, डोकं वरच्या बांधीकडं. तिच्या मागं दहा-बारा पावलं रोपं चिखलात दबलेली होती. बिसरामला वाटलं होतं, ढोर शिरलं असेल.

एकतीस वर्षं संसार झाला, पण दुरून नवऱ्याला बोलवायला तिच्यापाशी एक शब्द नव्हता.

"पुन्हा करू का, काका?" टीनानं विचारलं.

"नको, बाई. समजलं मले."

मग सुशीलाबाईनं तिची म्हैस लग्नाच्या मांडवात शिरली, ती गोष्ट सांगितली. टीना म्हैस झाली. व्हरांडा हसून हसून लोळला. बिसराम उठून गेला नाही. अर्ध्यातून जाणं बरं दिसत नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानंही वाजवल्या.

लोक पांगले. बिसरामनं सतरंजीचं एक टोक उचललं आणि दुसरं धरायला कुणी येईल म्हणून तो तसाच उभा राहिला.