मी गप्प होतो, चोर म्हणालो नव्हतो

मी बोलतोय. आणि या खेपेला कानाला डबडी न लावता ऐका, कारण माझ्याबद्दल पुष्कळ वेडंवाकडं बोलून झालंय आणि मी ते निमूटपणे ऐकून घेतलंय. आता माझी पाळी.

मी सुरुंगशोधक. एक लांब दांडा, त्याच्या टोकाला थाळीएवढी चकती, पाठीवर घ्यायची बॅटरीची पेटी आणि कानाला लावायची दोन डबडी. चकतीखाली लोखंड, तांबं, सोनं, काहीही आलं की माझी गुणगुण चढते आणि कानात किंचाळी होते. माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला, तोही ऐन लढाईत. लाडकोड कोण करणार? रंग वाळायच्या आत मला जहाजात चढवलं.

लढाई संपली आणि आमची किंमत एका दिवसात उतरली. काल ज्यांच्या हातात आपला जीव द्यायचा, त्यांनाच आज मुंबईच्या गोदामात ढिगावर फेकलं. तिथं सरकारी लिलावात भाईंदरच्या कमळाकरानं मला उचललं.

कमळाकराचं स्टेशनाजवळ भंगाराचं दुकान. खाडीत आणि किनाऱ्यावर बुडालेले नांगर, तुटक्या साखळ्या, होडीचे खिळे शोधून काढायचे आणि विकायचे, हा त्याचा धंदा. आजवर त्याच्याकडे एकच हत्यार होतं, मूठ असलेली लांब सळई. ती चिखलात खुपसायची, खट्ट वाजलं की खणायचं. त्या सळईवर त्याचा भारी जीव. मला घरी आणल्यावर त्यानं मला कोपऱ्यात ठेवलं आणि तिला खुंटीवर! हा माझा गृहप्रवेश.

पहिल्या दिवशी तो मला घेऊन खाडीकाठी गेला. डबडी कानाला लावली, चकती जमिनीवर धरली आणि मी किंचाळलो. त्यानं खणलं. काही नाही. दोन पावलं सरकला, मी पुन्हा किंचाळलो. पुन्हा काही नाही. चार खड्डे झाल्यावर त्यानं मला खाली आपटलं. "फसवलं रे फसवलं! सळई बरी होती, निदान खोटं तरी बोलत नव्हती."

अरे बाबा, तुझ्या वहाणांच्या तळाला खिळे ठोकलेत! चकती तू स्वतःच्या पायाशी धरतोस आणि खोटा मी? संध्याकाळी चिखलानं जड झाल्या म्हणून त्यानं वहाणा काढून ठेवल्या, अनवाणी चालला, आणि मी शहाण्यासारखा गप्प झालो. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कपाळावर हात मारून एकटाच हसला. त्या आठवड्यात मी त्याला चिखलात पुरुषभर खाली गेलेला एक नांगर दाखवला, जिथं सळई पोचलीच नसती. त्यानंतर भाईंदरभर सांगत सुटला, "नवं यंत्र म्हणजे काय चीज हाय! जड हाय, पाठ मोडते, पण जमिनीच्या पोटातलं बोलतंय." सळई मात्र त्यानं खुंटीवरून काढली नाही, हेही लक्षात ठेवा.

ही कीर्ती जवळच्या समुद्रकाठच्या उत्तन गावाला पोचली आणि तिथल्या कॉनीचा निरोप आला.

कॉनी विधवा. तिचा नवरा आगुस्तीन कोळी, समुद्रावर जाणारा. बेचाळीस सालात जपान येणार, किनाऱ्यावर उतरणार अशी आवई उठली होती. मुंबईची माणसं बोचकी बांधून पळत होती. आगुस्तीननं घरातलं सगळं सोनं, म्हणजे लेकीच्या, बेट्टीच्या लग्नासाठी जमवलेलं, डब्यात घातलं आणि एकटाच जाऊन कुठंतरी लपवून आला. बायकोला एवढंच सांगितलं, "देवळाचा क्रूस वाकड्या ताडाच्या शेंड्यावर बसला की तिथंच." उत्तनची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात, आणि ते देऊळ टेकडीवर आहे, वाकडा ताड खाली किनाऱ्यावर. त्याच वर्षी पावसाळ्याआधी आगुस्तीन तापानं गेला.

जपान काही आला नाही. कॉनीनं खणायला सुरुवात केली. बोंबील वाळवायच्या जागेपाशी समुद्राकाठी एक उंच बांध होता. त्यावर चढून, जरा वाकून पाहिलं की क्रूस ताडाच्या शेंड्यावर बसतो असं तिला दिसे. तिथं तिनं गुडघाभर खणलं, कमरेभर खणलं. डबा नाही. दुसऱ्या वर्षी धाकटा दीर जेरोम यानं नवी होडी घेतली आणि कॉनीच्या मनात जे यायचं ते आलं. भावाच्या पाळतीवर राहून यानंच डबा काढला! तिनं ती खूण कुठल्याही कोळ्याला सांगितली नाही, कारण सांगितलं तर जेरोमच्या कानावर जाईल. पण जेरोम चोर आहे हे मात्र तिनं साऱ्या वाडीला सांगितलं.

चार वर्षं झाली. देवळात जेरोमच्या बाकावर कुणी बसेना. मासळी वाटताना बाया त्याच्या हातून काही घेईनात. आता बेट्टीचं लग्न ठरलं होतं, आणि कॉनीनं शपथ घेतली होती की चुलत्याचा पाय मांडवात पडू देणार नाही. यंत्र आणून एकदाचा निकाल लावायचा, असं तिनं ठरवलं. निकाल म्हणजे मी. बघा माझं नशीब!

आम्ही गेलो त्या दिवशी अर्धी वाडी जमली होती. कमळाकर अनवाणी बांधावर चढला. मी नीट ऐकलं, खरंच नीट ऐकलं. एक तुटका गळ सापडला, एक गंजका खिळा सापडला. मग पुढं सगळी शांतता.

"कॉनीबाई, इथं काय न्हाय," कमळाकर म्हणाला.

"पुन्हा बघ भाऊ."

त्यानं पुन्हा पाहिलं. उभं, आडवं, बांधाच्या खाली, बांधाच्या मागं. मी गप्पच राहिलो. नसलेलं सोनं आहे म्हणायला मी काय बाजारातला दलाल आहे?

कॉनी गर्दीकडं वळली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "ऐकलंव ना? सरकारचं यंत्र सांगतंय! डबा न्हाय! मंग गेला कुठं? जेरोमच्या होडीत गेला!"

माझा संताप संताप झाला. लढाईत मी गप्प राहिलो की शिपायाला कळायचं, इथं सुरुंग नाही, टाक पाऊल. माझ्या गप्प बसण्यावर माणसं जिवंत घरी गेली आहेत. आणि इथं त्याच गप्प बसण्याचा अर्थ ही बाई 'चोर' असा लावते? मी एवढंच म्हणालो होतो की या जागी धातू नाही. जेरोमचं नाव माझ्या तोंडी कुणी घातलं? पण मी फक्त कमळाकराच्या कानात गुणगुणणार, आणि कमळाकर मान खाली घालून उभा! भाड्यानं आलेला माणूस, तो कशाला भांडणात पडेल?

जेरोम गर्दीच्या मागं उभा होता. रुंद खांद्यांचा, काळासावळा माणूस. तो पुढं आला तशी माणसं बाजूला झाली, पण ती वाट देण्यासाठी नव्हे.

"वैनी, चार वरसं ऐकतंय," तो म्हणाला. "आज सगल्यांच्या म्होरं सांग. मी कुठून काढलं?"

"इथून! या बांधावरून!" रागाच्या भरात तिच्या तोंडून सगळं निघालं. "ताडाच्या शेंड्यावर क्रूस बसला की तिथंच, असं माज्या नवऱ्यानं सांगितलंय! बघ, बसलाय का न्हाय! आनि यंत्र म्हणतंय खाली काय न्हाय!"

जेरोमचा चेहराच बदलला. त्यानं ताडाकडं पाहिलं, टेकडीकडं पाहिलं, मग बांधाकडं. "काय सांगितलंन? पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं.

"अगं वैनी, ती जमिनीवरची खूण न्हाय. होडीतली हाय." त्यानं टेकडीकडं बोट केलं. "आमी समुद्रात जागा कशी शोधतंव? पाण्यावर काय दगड लावतंव? जमिनीवरच्या दोन वस्तू एकावर एक आणायच्या. जवळून ताड उंच दिसतो. होडी लांब गेली की ताड खाली बसत जातो आनि टेकडीवरचा क्रूस वर येत जातो. तो शेंड्यावर बसला की वल्हं थांबवायचं. तिथं खडकाचं खडप हाय, ओहोटीला उघडं पडतं ते."

उत्तनच्या बाया होडीत बसत नाहीत, अशीच तिथली रीत. मासळी विकतील, सुकवतील, खडकावरची कालवं फोडतील, पण होडीत पाय ठेवणार नाहीत. मग क्रूस पाण्यावरून कसा वर चढतो हे कॉनीनं पाहावं कुठून? आणि ज्यांनी रोज पाहिलं होतं, त्यांना तिनं खूण सांगितली नव्हती.

पण कॉनी कसली ऐकतेय! "म्हंजे तुला ठाव होतं तर! म्हणूनच काढलास!"

आता बोला. माणूस खरं सांगतो आणि तेच त्याच्या गळ्याला लागतं.

जेरोम आपल्या होडीकडं वळला. "ओहोटी लागलीय. चल होडीत. तू बस, यो भाऊ बसल, यंत्र बसल. मी खडपावर पाय ठेवणार न्हाय. तुमीच बघा."

बाया कुजबुजल्या. शेजारच्या हिंदू कोळीवाड्यातल्या एका म्हातारीनं कॉनीचा हात धरला. "नको गो बाय, बाईमानसानं होडीत..." कॉनीनं हात सोडवून घेतला, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पाण्यात उतरली. ती होडीत चढली आणि तिनं दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. समुद्राची भीती होती की आणखी कसली, मी काय सांगू?

जेरोम वल्हवत होता. कॉनी किनाऱ्याकडं तोंड करून बसली होती. होडी लांब जाऊ लागली तसा वाकडा ताड खरोखर बसत चालला आणि त्याच्या मागून क्रूस हळूहळू वर आला. आधी झावळीत अडकला, मग सुटला, आणि नेमका शेंड्यावर येऊन बसला. जेरोमनं वल्हं थांबवलं. कॉनीनं तोंडावर पदर घेतला.

खडप उघडं पडलं होतं. कमळाकर उतरला, कॉनी उतरली. जेरोम होडीत बसून राहिला, खडपाकडं पाठ करून.

खरं सांगू? मला भीती वाटली. डबा तिथंही नसता तर मी पुन्हा गप्प बसलो असतो. बसावंच लागलं असतं. आणि मग त्या माणसाचं काय झालं असतं, त्याचा विचार मला करवत नव्हता.

एक घळ झाली, दुसरी झाली. तिसरीत, एका चपट्या दगडावर चकती आली आणि मी असा किंचाळलो, असा किंचाळलो की कमळाकरानं डबडी कानावरून उपटली. कॉनीलाही ते ऐकू गेलं.

ती गुडघ्यांवर बसली. कालवं फोडायची कोयती तिच्या कमरेला होतीच. तिनं दगडाला हात लावला आणि थांबली. दगडाच्या चारी कडांना कालवं चिकटून वाढली होती, एकावर एक थर, दगड आणि खडक जणू शिवून टाकल्यासारखे. लहानपणापासून कालवं फोडणारी बाई ती. एवढी मोठी कालवं किती वर्षांत होतात, हे तिला सांगायला कुणी नको होतं. लपवल्या दिवसापासून त्या दगडाला कुणाचाही हात लागला नव्हता.

तिनं कालवं फोडली, बोटं कापून घेतली, दगड सरकवला. डबा गंजून चाळण झाला होता. डांबर लावलेल्या शिडाच्या कापडात सोनं जसंच्या तसं होतं.

सोनं मांडीवर घेऊन ती रडली नाही. होडीकडं बघत म्हणाली, "जेरोम, मिळालं. माजं चुकलं रे. बेट्टीला तू देवळात घेऊन चल. बापाच्या जागी तूच."

जेरोमनं तेव्हा कुठं मान वळवली. "यंत्र बोललं म्हणून मी चांगला झालो, वैनी. ते गप बसलं असतं तर?"

कॉनी सोनं पदरात बांधू लागली. भरतीची पहिली लाट खडपावर आली, माझ्या पेटीत खारं पाणी शिरलं आणि माझा आवाज बंद झाला.

लग्नाला जेरोम गेला. बेट्टीचा हात धरून देवळात गेला, कारण पोरीनं त्याचं काय वाईट केलं होतं? पण कॉनीच्या मांडवात तो जेवला नाही. वाडीतली माणसं आता त्याच्या बाकावर बसायला धावतात, आणि तो मागं जाऊन उभा राहतो. बरं करतो! मीही तेच केलं असतं.

कमळाकर पुन्हा सळई घेऊन फिरतो. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडं बोट दाखवून म्हणतो, "चांगलं होतं, पण पाण्यात गेलं." उद्या तो मला फोडेल, तारेतलं तांबं वेगळं करेल, चकती वेगळी विकेल. विको खुशाल. मी रडत नाही. सुरुंगावर गेलेला मी, भंगाराला काय भिऊ?

माझं एकच मागणं आहे, आणि ते मी हात जोडून नाही, ठणकावून मागतोय. एखाद्या जागी काही सापडलं नाही तर एवढंच म्हणा की इथं नाही. त्यापुढं कुणाचं नाव जोडायचं असेल तर ते तुमच्या तोंडानं जोडा, तुमच्या जबाबदारीवर, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघून. माझ्या नावावर ते खपवू नका. मी तसं कधीच म्हणालो नव्हतो.