काटा आठशेवर

गाडी गार असली की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेवर शांत बसे. इंजिन तापलं की तो हजारावर चढे, पाचशेवर घसरे, आणि क्रांती चौकाच्या सिग्नलला काळा धूर सोडून गाडी बंद पडे. मनस्विनीनं हे नीट पाहून ठेवलं होतं. बिघाड व्हायचा तो तापल्यावरच.

सोयगावच्या कॉलेजानं तिला रसायनशास्त्र शिकवायला दुसऱ्यांदा बोलावलं होतं. आठवडाभर तिथं राहून शनिवारी घरी यायचं, तर भरवशाची गाडी हवी. घरात नको कुणीच म्हणत नव्हतं. "आधी गाडी नीट होऊ दे" एवढंच म्हणत, आणि तीही तेच म्हणे. कळवायचा उद्या शेवटचा दिवस होता.

सांडू मिस्त्रीनं प्लग बदलले, थ्रॉटल साफ केलं. आज तो म्हणाला, "वहिनी, इंजिनच खोलावं लागंल. नायतर भंगार."

"इंजिन किती तापलंय हे गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर बघितला? तो 'गार' म्हणत राहिला, तर पेट्रोल जास्तच सुटणार. धूर त्याचाच."

"मीटरवर तपासला की."

"गार गाडीवर?"

सांडूनं मान खाजवली. "व्हय. गारच होती."

इंजिन निवल्यावर त्यानं सेन्सर काढला. टोकावर उष्णता अडवणारा पांढरा, जाड थर होता. घरातल्या गिझरच्या कॉइलवर साचतो तसाच.

"अप्पा, रेडिएटरमध्ये काय घालता?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"बोअरचं पाणी. या दुष्काळात टँकरचं गोडं पाणी गाडीला पाजू काय?"

"कूलंट घालतात त्यात."

"चार उन्हाळे काढले की तिनं."

"धूर काढत," तिचा नवरा सुयश म्हणाला.

लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थर फसफसून सुटला. सांडूनं रेडिएटर धुतला, कूलंट भरलं. निघालेलं गढूळ पाणीही अप्पांनी बादलीत धरलं. मग इंजिन सुरू करून सगळे बोनेटभोवती थांबले. इंजिन तापून पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला. काटा आठशेवरून हलला नाही.

"झाली नीट," अप्पा म्हणाले.

सुयशनं बोनेट लावलं. "महिनाभर चालवून बघू. मग ठरवू."

मनस्विनीनं चावी काढून पर्समध्ये टाकली.

"बघायचं काही राहिलं नाही. सोयगावला मी होकार कळवतेय. सोमवारी रुजू होणार."